कुंकवाखालचा गंज

मी एक जुनी पोलादी सायकल आहे, मित्रांनो, आणि यातला ‘जुनी’ हा शब्द मी खाली मान घालून उच्चारत नाही. वाकड्या हँडलची, बारीक चाकांची, शर्यतीची सायकल. आजकाल दुकानात ज्या सायकली टांगलेल्या असतात त्या म्हणे एका बोटावर उचलल्या जातात. उचलोत बापड्या. चाळीस वर्षांनी त्यांतली एखादी तुमच्याशी अशी गप्पा मारायला शिल्लक राहिली, तर मला येऊन सांगा.

आता माझा रंग बघा. डाळिंबी. हात फिरवून बघा, कुठं खरखर लागते का. फक्त पुढं मानेपाशी, हँडलच्या बरोबर खाली, बोट जरा हळू फिरवा. तिथं बारीक खळगे आहेत. वरून रंग दिलाय म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटाला कळतात. माझी सगळी गोष्ट त्या खळग्यांची आहे.

जन्माचं पाल्हाळ मी लावणार नाही. पंजाबातल्या एका कारखान्यात नळ्या कापल्या गेल्या, तापवल्या गेल्या, सांध्यांत पितळ वितळवून सोडलं गेलं, आणि मी झाले. मग रंग, मग गोणपाटाचं वेष्टण, मग मालगाडी, आणि शेवटी सोलापुरातल्या एका दुकानातला खिळा. त्या खिळ्याला मी टांगून राहिले. येणारं गिऱ्हाईक माझं वाकडं हँडल हातात धरून बघायचं, हसायचं, आणि दूधवाल्यांची असते तसली काळी सायकल घेऊन जायचं. असा पाणउतारा रोजचाच झाला होता. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते वळसंगचे धोंडीराम दुकानात आले त्या दिवशी.

धोंडीराम शेतकरी माणूस. आडतीत शेंगा विकून तसेच आले होते, टोपीवर अजून धूळ होती. त्यांनी थेट माझ्याकडं बोट केलं.

“पोराला घेताय का?” दुकानदारानं विचारलं.

“पोरीला.”

दुकानदारानं लगबगीनं एक लेडीज सायकल पुढं ओढली. खाली वाकलेली दांडी, पुढं जाळीची टोपली. धोंडीरामांनी ती टोपली जरा हलवून पाहिली.

“तिला भाजी आणायची न्हाय,” ते म्हणाले. “तिला शर्यतीत पळायचंय. ती वरची काढा.”

ती पोरगी म्हणजे वैजयंती. दोन वेण्या घालून आपल्या आप्पांच्या मागं उभी होती आणि एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. मला खाली उतरवल्यावर तिनं पायडल एकदा उलटं फिरवलं, त्याची टिकटिक ऐकली आणि हसली. आमचं तिथंच जमलं. धोंडीराम एस.टी.नं गावी गेले आणि ती माझ्यावरून. आपण एस.टी.च्या आधी पोचलो असं ती अजून सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर एस.टी. कुंभारीला पंक्चर झाली होती. पण तिच्या आनंदात मी कशाला विरजण घालू?

पुढची वर्षं माझी होती. रोज वळसंगहून सोलापूरला कॉलेजात जायचं आणि रोज परत यायचं. अक्कलकोट रस्त्यावर वारा समोरून यायचा, ट्रकवाले मागून हॉर्न वाजवायचे. गावातली मंडळी सुरुवातीला तोंडावर हात धरून हसली. मग जत्रेच्या शर्यतीत वैजयंतीनं गावातल्या सगळ्या पोरांना मागं टाकलं, आणि त्याच संध्याकाळी तीच मंडळी ‘आमची वैजू’ म्हणायला लागली. बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली. तिच्या आईनं, मुक्ताबाईंनी, त्या कळशीत कधी पाणी भरलं नाही. फळीवर ठेवून रोज पुसायच्या.

आणि संध्याकाळी काय व्हायचं ते ऐका. धोंडीराम शेतातून आले की आधी बैलांच्या पाठी पुसायचे. मग तेच फडकं झटकून, उलट बाजूनं, माझं अंग पुसायचे. दांडीवरची धूळ, सांध्यातला चिखल, हँडलवरून ओघळलेला वैजयंतीचा घाम. शेजारी थट्टा करायचे. “जित्राबच हाय हे,” धोंडीराम म्हणायचे. “घाम अंगावर जिरू द्यायचा न्हाय.” मी तेव्हा इतकी चमकायचे की कोंबड्या माझ्यात तोंड बघायला यायच्या. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पुढं वैजयंतीचं शिक्षण झालं, सोलापुरात एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी लागली, लग्न झालं. नवरा सुबोध, बँकेत कारकून. सज्जन माणूस, पण सुतळीचा तोडासुद्धा टाकून देणार नाही. सासरी भांडीकुंडी गेली तशी मीही गेले. अशोक चौकाच्या मागं गल्लीत त्यांचं घर. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, दिवसभर खटाखट. त्या आवाजात मला छान झोप लागायची. बरीच वर्षं वैजयंती माझ्यावरूनच शाळेत गेली, गळ्यात शिट्टी आणि पाठीवर पिशवी. ‘सायकलवाल्या बाई’ हे नाव तिला मिळालं ते माझ्यामुळं. उगाच नम्रपणा कशाला करायचा?

मग तिची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. घरात लहान मूल, वेळेची ओढाताण. स्कूटी आली. मला जिन्याखाली उभं केलं, ‘पुढच्या महिन्यात टायर बदलून घेऊ’ म्हणून. तो पुढचा महिना यायला पुष्कळ वर्षं लागली. वळसंगचे धोंडीराम गेले तेसुद्धा मला जिन्याखालीच कळलं. त्या दिवशी कुणाला दिसलं नाही, पण मलाही रडू आलं होतं.

तरी वर्षातला एक दिवस माझा असायचा. दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी आपल्याकडं अवजारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा होते. गल्लीतले माग थांबायचे, त्यांना झेंडूचे हार पडायचे. स्कूटी धुऊन पुसून दारात उभी राहायची. आणि वैजयंती न चुकता ताट घेऊन जिन्याखाली वाकायची. कपाळ म्हणून माझ्या मानेवर ओलं कुंकू लावायची, हळद लावायची, अक्षता टाकायची, हँडलच्या खोबणीत एक मोठा झेंडू खोचायची. मी फुगून जायचे. जिन्याखाली माझ्याशेजारी पाण्याचे हंडे ठेवायची एक मोडकी घडवंची होती, तिला ऐकवायचे, बघ, मला कुणी विसरलेलं नाही.

“पुढच्या वर्षी नक्की हं,” वैजयंती हात जोडून म्हणायची आणि वर जायची.

स्कूटी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. तिचं कुंकू वाऱ्यानं, पाण्यानं, येता-जाता निघून जायचं. माझं तसंच राहायचं. झेंडू तिथंच कुजायचा, कुंकू तिथंच वाळायचं, पावसाळ्याची ओल त्यात मुरायची. पुढच्या खंडेनवमीला त्याच जागी, त्याच्यावरच नवं कुंकू. मला मान खाजते एवढंच कळायचं. लाड चाललेत म्हणून मी तेही सोसलं.

मागच्या मे महिन्यात वैजयंती निवृत्त झाली. शाळेच्या कागदावर तिची जन्मतारीख एक जून. खेड्यातल्या कितीतरी मुलांची तारीख गुरुजी एक जूनच लिहीत, शाळेत घालायला सोपं जावं म्हणून. खरी ती दिवाळीची. म्हणजे कागदानं तिला पाच महिने आधीच म्हातारी ठरवलं. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. जो उठला तो म्हणाला, बाई, आता आराम करा. तिनं घरी येऊन शाल घडी करून ठेवली, शिट्टी खुंटीला अडकवली आणि खरंच आराम करायला लागली.

आरामानं माणसाचं काय होतं ते मी जिन्याखालून पाहिलंय, मित्रांनो. पहाटे पाचला उठून मैदानावर जाणारी बाई, आठ वाजले तरी पलंगाच्या कडेला बसून राहायची. जिना चढताना कठडा धरायला लागली. कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. सुबोधराव बिचारे दर आठवड्याला नवं टॉनिक आणायचे, तेसुद्धा सवलत असलेलं.

एके दिवशी जिन्यावर बसून ती आईशी फोनवर बोलत होती. मुक्ताबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या स्वतः एवढ्या मोठ्यानं बोलतात, की मला सगळं ऐकू आलं.

“वैजे, तुजा आवाज असा बसल्यावानी का येतोय?”

“काही नाही आई. वय झालं आता.”

“मी ऐंशीची हितं बसलीय, आन वय तुजं झालं व्हय?” मग म्हणाल्या, “तुजी सायकल हाय का इकली?”

“आहे. जिन्याखाली.”

“मग खंडेनवमीला तिच्यावर ये. गाडीवर आलीस तर मी दार उघडायची न्हाय.”

वैजयंतीनं फोन ठेवला. मग खाली आली आणि घडवंची बाजूला सारून तिनं मला उजेडात ओढलं. पुण्याला असलेल्या तिच्या मुलानं त्याच रात्री फोनवर नवी सायकल घेऊन देतो म्हटलं. ती म्हणाली, “आईनं हीच आणायला सांगितलीय.” तेव्हाच मला कळलं, की यात फक्त माझा प्रश्न नाही. माझ्यावर बसून वळसंगला पोचली तर ती वैजयंती, नाहीतर आराम करणाऱ्या निवृत्त बाई. खंडेनवमीपर्यंत काय ते ठरणार होतं.

गल्लीच्या तोंडाशी ईश्वरप्पांचं सायकलचं दुकान आहे. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी बोलतात, दुकानात मराठी, आणि बेअरिंगचे छर्रे सांडले की दोन्ही. त्यांनी मला उलटं करून सगळं सोडवलं.

“चाकं गेली, चेन गेली, ब्रेक गेले,” ते म्हणाले. “त्याचं काय नाही अक्का, जुन्या बाजारात सगळं मिळतं. फ्रेम चांगली असली म्हणजे झालं.” बोलता बोलता त्यांनी पान्याच्या टोकानं माझी मान खरवडली, आणि तिथून एक खपली खाली पडली. मागोमाग लालसर पूड.

वैजयंतीनं ती पूड चिमटीत घेऊन चोळली. बोटं लाल झाली. “हा नुसता गंज नाही,” ती म्हणाली. “हे कुंकू आहे.”

“सगळेच तसं करतात, अक्का. माझ्या पान्यांचं बी तेच झालंय. पूजा झाली की पेटी बंद.” मग त्यांचा आवाज खाली आला. “पण ही मान हाय. इथं आरपार खाल्लं असेल तर मी ही जोडून देणार नाही. उतारावर मोडली तर हँडल तुमच्या हातात राहील आणि तुम्ही रस्त्यावर.”

“मग काय करायचं?”

“मग भंगार.”

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकला. मला फार वाईट वाटलं. ज्या एका दिवसाची मी वर्षभर वाट बघायचे, त्याच दिवसानं मला खाल्लं होतं. बोटांवरचं लाल वैजयंतीनं घरी पोचेपर्यंत पदरालाही पुसलं नाही.

आरपार गेलंय की नाही हे रंग उतरवल्याशिवाय कळणार नव्हतं. एमआयडीसीत वाळूच्या माऱ्यानं रंग काढून भट्टीत नवा चढवून देतात, पण माझ्या पातळ नळ्यांना तो मारा सोसणार नाही असं ईश्वरप्पांनी आधीच बजावलं होतं. शिवाय वैजयंतीची पेन्शन अजून सुरू व्हायची होती. “घरीच करू,” सुबोधराव म्हणाले, आणि त्या महिन्यात त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. जुनं उलथनं, वापरलेली पत्र्याची डबी, फाटक्या चादरीचा तुकडा असं सगळं त्यांनी घरातूनच जमवलं. फक्त रंग काढायचं औषध आणि पॉलिश पेपर तेवढा विकत आणला.

गच्चीवर काम सुरू झालं. औषध लावलं की रंग फुगून वर यायचा, आणि वैजयंती तो उलथन्यानं ओढायची. सुरुवातीला तिला घडीघडीला दम लागायचा. मग हळूहळू बसण्याच्या वेळा कमी झाल्या. एका सकाळी तिनं शिट्टी खुंटीवरून काढून गळ्यात घातली आणि सुबोधरावांना कामाला जुंपलं. एक शिट्टी, पेपर पाण्यात बुडवा. दोन शिट्ट्या, नळी फिरवा. बँकेत इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस शिट्टीवर उठायला-बसायला लागला, आणि खरं सांगते, त्याला ते आवडत होतं.

मी उघडीबोडकी पांढरी दिसू लागले, पण मानेवरचा काळा गंज काही हटेना. एका दुपारी वैजयंती रंगाच्या दुकानात गेली असताना सुबोधरावांनी मनाशी काहीतरी ठरवलं. त्या घरात देवाची समई घासायचं काम त्यांचं. चिंच आणि मीठ लावून ते ती अशी काही घासतात, की बघत राहावं. त्यांनी तोच प्रयोग माझ्यावर केला. नखशिखान्त चिंच फासली, मूठभर मीठ चोळलं, बादलीभर पाणी ओतलं आणि आत जाऊन झोपले. घटकाभर मी चकाकले. संध्याकाळी अंगावर पिवळट झाक आली. सकाळी मी नारिंगी झाले होते. समईला चकाकी येते, मला खरूज आली.

“पण समई तर लख्ख होते की,” सुबोधराव खालच्या आवाजात म्हणाले.

“अहो, समई पितळेची. ही पोलादाची. मीठ खातं हिला.” वैजयंती रागावली होती, पण ओरडली नाही. तिनं पॉलिश पेपर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसली. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. सुबोधराव दिवस मावळेपर्यंत मला घासत होते. लगेच पुसून कोरडं करायचं आणि वर तेलाचा बोळा फिरवायचा, हेही त्यांना तिथंच शिकायला मिळालं.

मात्र त्या चिंचेनं एक काम चोख केलं होतं. मानेच्या खळग्यांतला काळा गंज पार निघून गेला होता. आता खळगे स्वच्छ दिसत होते, आणि चांगलेच खोल दिसत होते.

ईश्वरप्पांनी सांगून ठेवलं होतं, पुढचं चाक धरणारा चिमटा काढलेला आहे, तेव्हा मान आतून पोकळ आहे. आत बॅटरी लावा आणि अंधारात बाहेरून बघा. उजेडाचा एक ठिपका जरी बाहेर आला तरी सायकल सोडून द्या. रात्रीपर्यंत थांबायचा धीर कुणाला होता, आणि सोलापुरात दुपारी गच्चीवर अंधार कुठून आणायचा? सुबोधरावांनी कपाटातली जाड सोलापुरी चादर आणली, आणि नवरा-बायको दोघंही मला मधे घेऊन त्या चादरीखाली शिरले.

शेजारच्या गच्चीवर पार्वतम्मा सुताच्या लडी वाळत घालत होत्या. त्यांच्या घरचे माग आमच्या भिंतीला लागूनच चालतात. “वैनी, काय चाललंय ओ?” त्यांनी विचारलं.

“मान बघतोय,” चादरीतून उत्तर गेलं. पार्वतम्मा हातातली लड तिथंच टाकून आत वळल्या.

आत गुदमरायला होत होतं. वैजयंतीनं खालून बॅटरी धरली आणि वरचं तोंड तळव्यानं झाकलं. 

“दिसतंय का काही?”

“नाही.”

“नीट बघा. चष्मा पुसा.”

सुबोधरावांनी चष्मा पुसला, माझ्या मानेला नाक टेकवलं आणि एकेका खळग्यावरून नजर फिरवली. “अंधार आहे, वैजू,” ते म्हणाले. “सगळीकडं नुसता अंधार आहे.”

अंधार आहे या शब्दांनी इतका आनंद कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही. दोघं चादरीबाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती, केस विस्कटले होते, आणि वैजयंती पोट धरून हसत होती. संध्याकाळी ईश्वरप्पा आले. त्यांनी टोच्यानं एकेक खळगा दाबून पाहिला, मानेवर पान्यानं हलकेच ठोकलं. मी माझा सगळ्यात खणखणीत आवाज काढला.

“जोडतो,” ते म्हणाले.

मग लोखंडी गेटला मारतात तो रेड ऑक्साइड अंगावर चढला. खळग्यांत पुट्टी भरली, वाळली, घासली, तरी ते पुरते बुजले नाहीत. रंग कोणता, यावर काथ्याकूट झालीच नाही. पूर्वी जिथं दिव्याची पट्टी आवळलेली होती तिथं माझा मूळ रंग जसाच्या तसा राहिला होता, आणि उलथनं फिरवण्याआधीच वैजयंतीनं त्याच्याशी जुळणारा सुताचा धागा पार्वतम्मांकडून मागून आणला होता. तो धागा दाखवून दुकानातून रंग मिसळून घेतला. डबा छोटाच. सुबोधरावांनी त्यातलाही थोडा उरवला.

पहिला हात सुरेख बसला. मला कपड्यांच्या तारेला टांगून दोघं चहाला खाली गेली, आणि वर आली तेव्हा मला लव फुटली होती. मित्रांनो, आमच्या गल्लीत माग चालू असले की हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते ताटात येतात, केसांत येतात, इतक्या वर्षांत कुणाला त्याचं काही वाटेनासं झालंय. ओल्या रंगाला मात्र त्यांनी सोडलं नाही.

पार्वतम्मांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. “वैनी, सायकलीला स्वेटर घातला की काय?”

वैजयंतीला हसावं की रडावं कळेना. खंडेनवमी तोंडावर आली होती. “आता कधी वाळणार आणि कधी जोडणार?” ती म्हणाली.

“माग चालू असताना रंग मारतंय का कोण? परवा आमची सुट्टी हाय. तवा मारा की.”

सगळा रंग पुन्हा घासून काढला. सुट्टीच्या दिवशी गल्ली इतकी शांत होती, की मला करमेना. पार्वतम्मांनी न सांगता आपली गच्ची झाडून तिच्यावर पाणी शिंपडून ठेवलं होतं, धूळ उडू नये म्हणून. वैजयंतीनं पातळ हात दिला, वाळू दिला, वर दुसरा दिला. या वेळी चहा खाली प्यायला कुणी गेलं नाही. दोघं खुर्च्या टाकून माझ्याकडं बघत बसली, आणि मी अर्थातच बघण्यासारखी होते.

खंडेनवमीच्या पहाटे सुबोधराव पूजेचं ताट घेऊन दारात तयार होते. “आधी पूजा, मग जा,” ते म्हणाले.

“पूजा आईकडं,” वैजयंती म्हणाली आणि माझ्यावर बसली. गल्लीच्या कोपऱ्यावरून मी पाहिलं, ते ताट ठेवून हातपंप आणि पाण्याची बाटली घेऊन स्कूटीकडं पळत होते.

सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना तुरी, आणि समोरून तोच ओळखीचा वारा. कुंभारीपर्यंत आम्ही झकास गेलो. पुढच्या चढाला तिचा श्वास तुटायला लागला. ती उतरली, हँडलवर कपाळ टेकून उभी राहिली. तिचा घाम माझ्या मानेवर टपटपत होता. मागं लांबवर स्कूटी थांबली, पण सुबोधराव जवळ आले नाहीत. एवढं शहाणपण त्यांना होतं. मला वाटलं, आता परत. मग तिचं बोट माझ्या खळग्यांवरून फिरलं. तिनं मान वर केली, शिट्टी तोंडात धरली, स्वतःलाच एक शिट्टी मारली आणि पुन्हा बसली.

वळसंगला मुक्ताबाई अंगणात होत्या. खुरपी, विळे, कुऱ्हाड पूजेसाठी मांडून ठेवली होती. डोळ्यांना आता त्यांना फार दिसत नाही. पण वैजयंतीनं पायडल थांबवलं आणि माझी टिकटिक त्यांच्या कानावर गेली.

“आलीस व्हय,” त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. मग उठून आल्या आणि लेकीला सोडून आधी माझ्यावर हात फिरवायला लागल्या. दांडी, सांधे, मान. मानेवर बोट अडलं. “हितं काय झालंय ग?”

वैजयंतीनं खालमानेनं सांगितलं. “दर खंडेनवमीला कुंकू लावत होते, आई. त्यानंच खाल्लं.”

“कुकवाला कशाला नाव ठेवतीस? देवाला बी आपुन रोज आंगुळ घालतो, कालचं कुकू पुसतो, मग आजचं लावतो. तू कालच्यावरच आजचं लावत गेलीस की.”

मुक्ताबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि माझी मान पुसली. धूळ पुसली, ओघळलेला घाम पुसला, सांध्यांत बोट घालून पुसलं. “घाम अंगावर जिरू द्यायचा न्हाय,” त्या पुटपुटल्या, आणि इतक्या वर्षांनी धोंडीरामांचे शब्द मी पुन्हा ऐकले. मग तोच पदर उलटा करून त्यांनी लेकीचा चेहरा पुसला. कपाळ, गाल, डोळे. डोळे जरा जास्त वेळ पुसावे लागले. त्यानंतर त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, एक बोट मला लावलं आणि एक तिला.

सुबोधराव स्कूटीसह फाटकाबाहेर उभे होते. “जावयाला येऊ दे आत,” मुक्ताबाई म्हणाल्या, “पर गाडी तितंच राहू दे.” मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाली, आणि वारा पाठीवर घेऊन आम्ही सोलापूरला परतलो.

तर मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली, माळ्यावर, कोपऱ्यात कुणीतरी उभं असेल. आणि हो, घरात ‘आता आराम करा’ म्हणून बसवून ठेवलेलंही कुणी असेल. त्यांची पूजा करा, अगदी थाटात करा. मला हार फार आवडतात, खोटं कशाला बोलू? पण आधी पुसा, आणि दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन पुन्हा या. दसऱ्याच्या सकाळी वैजयंतीनं तेच केलं. माझ्या मानेवरचं कुंकू तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं पुसलं, खळग्यांवरून बोट फिरवून बघितलं, आणि आम्ही दोघी फिरायला बाहेर पडलो.